टाकीतलं पाणी

धाकटीने मोटरसायकलची टाकी उलटी केली तेव्हा आतून पेट्रोल आलंच नाही. तपकिरी पाणी आलं, आणि त्याच्याबरोबर गंजाचे पोपडे. अंगणातल्या फरशीवर ते पसरलं तशी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती घरोघरी जाऊन रुग्णांचं ड्रेसिंग करणारी परिचारिका. दीड वर्षासाठी दुसरीकडे बदली झाली तेव्हा मोटरसायकल घरी ठेवून गेली होती. गाडी मूळ बाबांची. झटका येऊन त्यांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा त्यांनी स्वतःच ती तिला दिली. बदलीवर जाताना तिने टाकी काठोकाठ भरली, कारण भरलेल्या टाकीला आतून गंज चढत नाही हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. एक चावी स्वतःकडे ठेवली, दुसरी दादाला दिली.

“दादा, बाहेर ये.”

भांडी घासता घासता दादा ओल्या हातांनीच दारात आला.

“पेट्रोल कुठे गेलं?”

“कुठलं पेट्रोल?”

“भरून ठेवलेलं. काढून स्वतःच्या गाडीत घातलंस ना? वर झाकण उघडं टाकलंस पावसात. एक वस्तू सांभाळायला दिली, तीसुद्धा जमली नाही तुला.”

दादाने फरशीवरचं पाणी पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि मूग गिळून आत गेला. तो गप्प बसला म्हणजे चोरी कबूल, असं तिने धरलं.

मग ती कामाला लागली. टाकीच्या तळाचा पेट्रोलचा कॉक काढून त्या भोकात रबराचं बूच ठोकलं. मूठभर जुने नटबोल्ट आत टाकले, झाकण लावलं, टाकी गोधडीत गुंडाळून छातीशी धरली आणि हलवायला सुरुवात केली. खडखडाटाने शेजारचं कुत्रं पळालं. प्रत्येक हिसक्यागणिक तिला दादाचं काही ना काही आठवत होतं, आणि ते ती दाराकडे तोंड करून ओरडून ऐकवत होती. लहानपणी मोडलेली तिची सायकल. तिच्या लग्नाचं मोडलेलं बोलणं, त्यात याने तोंड उघडलं नव्हतं. दंड भरून आले तरी ती थांबली नाही. शेवटी टाकीत गळ्यापर्यंत व्हिनेगर ओतलं आणि उद्यापर्यंत मुरत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिनेगर बाहेर ओतलं तर ते काळं झालं होतं. बॅटरी लावून आत पाहिलं. खाली, तळाशी, पत्रा उघडा पडून चमकत होता. भोक पडलेलं नव्हतं. तरीही राग तसूभर कमी झाला नाही.

“दुसरी चावी दे,” ती दादाला म्हणाली. “तुझ्याकडे आता काहीच ठेवायचं नाही.”

“माझ्याकडे नाही.”

“हरवलीस?”

“तू गेलीस त्याच आठवड्यात बाबांनी मागून घेतली. उशाखाली असते त्यांच्या.”

तिने हातातल्या झाकणाकडे पाहिलं. कुलूपवालं झाकण. त्यावर साधा ओरखडाही नव्हता. चावीशिवाय पाणी आत जाणार नाही.

“काल का नाही बोललास?”

“माझ्यावर चिडतेस ते मला झेपतं,” दादा म्हणाला. “त्यांना झेपणार नाही.”

ती तशीच, व्हिनेगरच्या वासाचे हात घेऊन आत गेली. बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते. लुळा हात मांडीवर, एखाद्याने ठेवायला दिलेल्या पिशवीसारखा.

“टाकीत पाणी तुम्ही घातलंत?”

“घातलं.”

“आणि पेट्रोल?”

“कॉक उघडून सोडून दिलं. नंतर मगाने पाणी. डाव्या हाताने वेळ लागला.”

“गाडी मला दिली होती तुम्ही.”

“दिली तेव्हा वाटलं, देववेल. मग रोज सकाळी तू किक मारायचीस आणि मी इथे बसून ऐकायचो.”

“परत मागायची होती. दिली असती मी.”

“परत नको होती.” बाबांनी तिच्याकडे सरळ पाहिलं. “गंजायला हवी होती.”

असे रुग्ण तिला रोज भेटत. कुणी ट्रे भिरकावे, कुणी शिव्या घाले, आणि ती हसून म्हणे, चालायचंच. तिथे समजून घ्यायचा तिला पगार मिळत होता. इथे बाप होता.

“हात गेला तुमचा,” ती म्हणाली. “त्याच्याबरोबर बाकीचंही सगळं गेलं का?”

“टिटवे, पुरे,” दारातून दादा तिला लहानपणच्या नावाने म्हणाला.

तिने पलंगावरची उशी उचलून चावी घेतली. बाबांनी अडवलं नाही.

बाहेर येऊन तिने खायच्या सोड्याच्या पाण्याने टाकी विसळली, नंतर साध्या पाण्याने दोनदा. केस वाळवायच्या यंत्राने आतला थेंबन् थेंब सुकवला, आणि ओलाव्याने पुन्हा गंज धरू नये म्हणून ताबडतोब थोडं ऑइल मिसळलेलं पेट्रोल आत फिरवलं. कॉक, नळी, कार्ब्युरेटर साफ करून सगळं जागच्या जागी बसवलं.

चौथ्या किकला गाडी सुरू झाली आणि बंद पडली. पुन्हा तेच.

“हवेचा स्क्रू सैल कर. अर्धा फेरा,” खिडकीतून आवाज आला.

“मला शिकवू नका.”

तिने आणखी सहासात किका मारल्या. पाय दुखायला लागला. मग दातओठ खात तिने स्क्रू अर्धा फेरा सैल केला. गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली. खिडकीकडे तिने पाहिलं नाही.

“बस मागे,” ती दादाला म्हणाली.

नाक्यापलीकडे गेल्यावर तिने मान न वळवता सांगितलं, “काल जे बोलले ते चुकलं. सायकलचं सोडून.”

“सायकल मीच मोडली होती,” दादा म्हणाला. “आता हळू चालव, मला मरायचं नाही.”

तिने वेग कमी केला. बाबांवरचा राग मात्र पोटात तसाच होता, आणि घरी परत जाऊन त्यांना जेवू घालायची पाळी आज तिचीच होती.