दिवंगतांची टाकी

नीतिशास्त्राच्या प्राध्यापकांना मत्सर हा विकार वर्गात फार उत्तम समजावून सांगता येत असे. त्याचे प्रकार, त्याची मुळे, त्यापायी आंधळ्या झालेल्या माणसांचे दाखले, सारे त्यांच्या जिभेवर होते. घरी मात्र ते त्याला 'पेट्रोलचा वास' म्हणत.

वास खराच होता, एवढे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लागून गॅरेज होते आणि गॅरेजात ती जुनी हिरवी मोटार उभी होती, त्यांच्या पत्नीच्या पहिल्या नवऱ्याची. नवरा वारून बरीच वर्षे झाली होती. मोटार मात्र काही केल्या जायचे नाव घेत नव्हती. दुपारी गॅरेजाचा पत्रा तापला की दाराच्या फटीतून वास आत येई, पडद्यांत बसे, उशांत बसे, आणि पत्नी एखादी चक्कर मारून आली की तिच्या केसांतही बसे. प्राध्यापक त्या गृहस्थांना मनातल्या मनात 'दिवंगत' म्हणत. नावाने उल्लेख करावा इतकी सलगी त्यांना वाढवायची नव्हती.

पत्नी दंतवैद्य होती. हाताने आणि बोलण्याने सारखीच नेमकी. प्राध्यापकांना ती 'अहो' म्हणे आणि दिवंगतांना 'तो'. "तो असता तर हसला असता." "त्याला नाही आवडायचं असलं." हयात नवऱ्याला आदराने चार हात दूर बसवायचे आणि गेलेल्याला एकेरीत जवळ घ्यायचे, हा अन्याय प्राध्यापकांनी कधी कुणापुढे मांडला नाही. मांडताच तो हास्यास्पद ठरेल, इतकी समज त्यांना विद्येने दिली होती. तो गिळण्याची ताकद विद्येने दिली नव्हती.

एका सुटीच्या दिवशी थोरली मेहुणी जेवायला आली आणि नाकाला रुमाल लावूनच पानावर बसली.

"काय हो प्रोफेसरसाहेब, जेवायला बोलावलंत की टाकी भरायला?"

"ताई, उगाच काय," पत्नी म्हणाली. "गॅरेजवाला म्हणतो, जुन्या गाड्यांना वास यायचाच."

"त्याचं काय जातंय म्हणायला? रोज संध्याकाळी डोकं धरून तू बसतेस, तो नाही. आणि एखादी ठिणगी पडली ना, तर डोकंही राहायचं नाही धरायला."

पत्नीने बहिणीच्या पानात आमटी वाढली. मग म्हणाली, "बरं. तो जुन्या मोटारी जमवणारा माणूस मागे लागलाच आहे. शनिवारी बघायला येतो म्हणतोय. तोवर वास गेला तर गाडी राहील. नाही गेला तर देऊन टाकते. झालं?"

प्राध्यापकांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. चेहरा लपवायला तो पुरेसा मोठा होता.

"मी बघतो एकदा," ते पेल्याआडून म्हणाले.

"तुम्ही?" दोघी बहिणी एकदमच म्हणाल्या.

"अहो, बल्ब बदलताना तुमची शिडी धरायला माणूस लागतो," मेहुणी म्हणाली. "आता गाडी धरायला कुणाला बोलावू?"

पत्नी हसली, पण प्रेमानेच. "बघा, बघा. तोही दिवसदिवस गाडीखाली असायचा. शेवटपर्यंत नाही सापडलं त्याला."

प्राध्यापकांचा बेत साधा होता आणि, त्यांच्याच परिभाषेत सांगायचे तर, अनैतिक होता. गाडीखाली डोकावायचे, बाह्या मळवायच्या, आणि शनिवारी जड आवाजात सांगायचे की इलाज नाही. म्हणजे तिला घालवल्याचा दोष नाही आणि वाचवायला धडपडल्याचे श्रेय पदरात. त्यासाठी त्यांनी ग्रंथालयातून त्या मोटारीची दुरुस्तीपुस्तिका आणली, आणि इथेच त्यांचा घात झाला. कारण पुस्तक हाती आले की ते वाचल्यावाचून त्यांना राहवत नसे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेजाची दारे सताड उघडली, बॅटरीची तार सोडली, डिकीतला गालिचा उचलला आणि खाली वाकून हुंगायला सुरुवात केली. टाकी डिकीच्या तळाखाली होती. टाकीला श्वास घ्यावा लागतो, असे पुस्तिकेत स्पष्ट म्हटले होते: उन्हाने पेट्रोलची वाफ फुगली की तिला बाहेर जायला वाट हवी, आणि पेट्रोल खर्चत गेले की त्याच्या जागी हवा आत यायला वाट हवी. त्यासाठी टाकीच्या माथ्यावरून निघून गाडीबाहेर जाणारी एक बारीक नळी असते. प्राध्यापक त्या नळीचा माग काढत गेले. तिच्या टोकाशी काळ्या टेपचे एक गुबगुबीत बोंड होते. टेप सोडवली तर आत बोल्ट. नळीत ठोकून बसवलेला, वरून क्लिपेने आवळलेला.

त्यांना सगळे एका दमात उमगले. दिवंगतांना त्या टोकाशी वास आला होता, म्हणून दिवंगतांनी ते टोकच बुजवले होते. टाकीचे झाकणही त्यांनी कुलूपवाले, बिनछिद्राचे आणून बसवले होते. कोंडलेल्या वाफेने मग आपली वाट आपण शोधली: टाकीच्या माथ्यावर पेट्रोलची पातळी दाखवणारे यंत्र होते, त्याखालच्या सुकलेल्या बुचाच्या चकतीची, म्हणजे गॅस्केटची, कड उचलून ती वाफ डिकीत, डिकीतून मागच्या सीटच्या पुठ्ठ्यामागून थेट गाडीत. माणूस गाडीखाली दिवसदिवस पडून होता, आणि दोष त्याच्याच हातचा होता.

इतका निर्मळ आनंद प्राध्यापकांना स्वतःचा प्रबंध मान्य झाला तेव्हाही झाला नव्हता.

मग त्यांना बेत आठवला. टेप परत गुंडाळायची, गालिचा अंथरायचा, हात धुवायचे. शनिवारी गाडी जाईल. कुणालाही काही कळणार नाही. ते गालिच्याचे टोक हातात धरून उभे राहिले आणि पत्नीचे वाक्य त्यांना आधीच ऐकू येऊ लागले: "त्यालाही नाही सापडलं, ह्यांनाही नाही सापडलं." एकाच वाक्यात दोघे, खांद्याला खांदा लावून. गाडी घरात राहणे त्यांना सोसवले असते. ही बरोबरी सोसवणारी नव्हती.

त्यांनी बोल्ट उपसला. पेट्रोल सोसणारी नवी रबरी नळी आणली, ती आधी टाकीहून उंच चढवली, मग वळवून तळाच्या भोकातून बाहेर सोडली. यंत्राखाली नवे गॅस्केट घातले. छिद्राचे झाकण बसवले. सीटमागच्या फटी बुजवल्या. मग गाडी भर उन्हात उभी केली आणि दुपारभर दर थोड्या वेळाने तिच्यात डोके घालून ते हुंगत राहिले. वास नव्हता.

शुक्रवारी पत्नी दवाखान्यातून आली ती पांढऱ्या कोटासकट गाडीत जाऊन बसली. काचा वर केल्या. बराच वेळ बसली.

"काय होतं हो?" बाहेर येऊन तिने विचारले.

प्राध्यापकांनी तळहात उघडला. वाक्य त्यांनी घोटून ठेवले होते. "हे. त्यांनी नळीलाच बूच मारलं होतं. इतकी वर्षं वास त्यांच्यामुळेच येत होता."

पत्नीने टेपची शेपटी लोंबणारा बोल्ट उचलला, उलटसुलट पाहिला, आणि हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईतो. "वेडा! अगदी त्याचंच काम. टेप बघा किती नीट गुंडाळलीय." आणि गुन्ह्याचा तो एकमेव पुरावा तिने जपून कोटाच्या खिशात ठेवला.

मग तिने त्या मोटारी जमवणाऱ्याला फोन लावला. "नाही, आता नाही विकायची. हो, गेला वास. आमच्या ह्यांनी काढला." 'आमच्या ह्यांनी' प्राध्यापकांनी कानात साठवून घेतले. फोन ठेवून ती म्हणाली, "चला, आज लांब जाऊ."

ती गाडी चालवत होती. ते शेजारी बसले होते. गाव मागे पडले, रस्ता नदीकाठाने वर चढू लागला. पत्नी काच खाली न करता खोल श्वास घेत होती आणि प्राध्यापक तो प्रत्येक श्वास आपल्या खात्यावर मांडत होते.

"गंमत सांगू?" ती म्हणाली. "इतकं लांब आलं की ही हमखास बंद पडायची. ह्याच चढावर. तो उतरून झाकण उघडायचा, फुस्स करून आवाज व्हायचा. मग आम्ही त्या कठड्यावर बसायचो. तासन्‌तास बोलायचो हो. लग्नाचं विचारलं तेही इथेच."

"साहजिक आहे," प्राध्यापक म्हणाले. "ओढ बसली की ती चकती घट्ट बसायची, हवा आत येत नव्हती. पेट्रोल ओढलंच जाणार नाही."

पत्नीने वेग कमी केला. पुढे वळणावर दगडी कठडा दिसू लागला होता, खाली नदीचे पात्र, वर एक डेरेदार झाड.

"बसू या का आपणही जरा?" तिने विचारले. "तुम्ही आणि मी?"

"कशाला?" प्राध्यापक अभिमानाने म्हणाले. "आता थांबायची काही गरज नाही. मी सगळं नीट केलंय."

"हो," ती म्हणाली. "खरंच की."

तिने गिअर बदलला. आपण काय बोललो ते प्राध्यापकांच्या ध्यानात आले, तोवर कठडा मागे गेला होता आणि गाडी, एकदाही न अडखळता, चढ चढत होती.