डावीकडच्या व्हॉल्व्हवरचा आळ

मी डावीकडचा व्हॉल्व्ह बोलतोय. डावीकडचा, हे मुद्दाम सांगतोय, कारण सगळा घोळ त्यावरूनच झाला.

अंगठ्याएवढी काचेची नळी, आत बारीक तारा आणि पोटात हवासुद्धा नाही, एवढाच माझा संसार. कारखान्यात एका बाईने भिंगातून बघत माझ्या तारा जोडल्या. ती कामावर असताना चकार शब्द बोलायची नाही आणि जेवणाच्या सुट्टीत तिचं तोंड थांबायचं नाही. माझं आणि माझ्या भावाचं मोजमाप अगदी सारखं निघालं, म्हणून आमची जोडी लागली आणि आम्ही मालकांच्या प्रीअँपमध्ये आलो. रेकॉर्डवरचा नाजूक आवाज मोठा करून पुढे पाठवायचा, हे आमचं काम. डावा आवाज माझा, उजवा भावाचा.

मालक घड्याळं दुरुस्त करतात. घड्याळ आधी डाव्या कानाला लावायचं, मग उघडायचं, ही पद्धत त्यांनी वडिलांकडून घेतली. वडिलांचा तोच कान पंचावन्नाव्या वर्षी गेला, पाठोपाठ दुसराही गेला आणि त्यांनी दुकानात येणं सोडलं. मालकांना आता पंचावन्नावं लागलंय. ते हे कधी बोलून दाखवत नाहीत, पण वाढदिवस झाल्यापासून त्यांचा जीव टांगणीला लागलेला मी पाहिलाय.

एका सकाळी रेकॉर्ड लावल्या लावल्या मालक म्हणाले, डावा आवाज बसलाय. मालकीणबाई खिडकीपाशी विणत होत्या. त्या म्हणाल्या, "मला तर दोन्हीकडून सारखंच येतंय." मालकांनी तिकडे दुर्लक्ष केलं. त्यांच्या मते बाईंना संगीतातलं ओ की ठो कळत नाही. झालं, खापर माझ्यावर फुटलं.

मालकांनी एक गोष्ट मात्र बरोबर केली. मला उजवीकडे बसवलं आणि भावाला डावीकडे. दोष माझा असता, तर आता उजवा आवाज बसायला हवा होता. पण त्यांना डावाच मंद वाटला. व्हॉल्व्ह विकणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "काका, जागा बदलूनही फरक पडत नसेल तर दोष व्हॉल्व्हचा नाही." मालकांना ते झोंबलं. त्यांनी फोन ठेवला आणि दुसऱ्या विक्रेत्याकडून नवे व्हॉल्व्ह मागवले.

मग घरात नव्या जोड्यांची रांग लागली. मालक प्रत्येकाला पेन्सिलीने हळूच टिचकी मारायचे. एक जण भांड्यासारखा वाजला, तो नापास. दुसरी जोडी सतत खरखर करत होती, तिसरीचा आवाज गोड, पण डावीकडे पुन्हा तेच. माझ्या काचेवर लाल पेन्सिलीने 'बाद' लिहून त्यांनी मला भंगाराच्या खोक्यात टाकलं. इतकी वर्षं इमानेइतबारे तापलो, त्याचं हे फळ. मला फार वाईट वाटलं.

त्या दुपारी बाईंना लोकरीची लडी गुंडाळायची होती. उजेड खिडकीपाशी, म्हणून त्यांनी मालकांना खुर्ची फिरवून समोर बसवलं आणि लडी त्यांच्या दोन्ही हातांत अडकवली. मागे चौथी जोडी वाजत होती.

"बघ, डावीकडून अजूनही काही नाही," मालक म्हणाले.

बाई गुंडाळायच्या थांबल्या. "अहो, तुमची पाठ आहे तिकडे. तुमच्या डाव्या हाताला आत्ता उजवा स्पीकर आहे."

मालकांचे हात लोकरीत तसेच राहिले. ते म्हणाले, "बाबांचंही असंच सुरू झालं होतं."

"उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं. मी येतेय बरोबर," बाई म्हणाल्या आणि पुढे गुंडाळू लागल्या. माझ्यावरचा आळ गेला होता, पण खरं सांगतो, मला जराही आनंद झाला नाही. दोष माझाच निघाला असता तर बरं झालं असतं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मालक घरात शिरले ते बूट न काढता टेबलापाशी आले. एक घड्याळ उचललं, डाव्या कानाला लावलं आणि डोळे मिटून उभे राहिले. मागून बाई हसत आल्या आणि त्यांनी लेकीला फोन लावला. "अगं, मळ. वाटाण्याएवढा मळाचा खडा निघाला. डॉक्टर म्हणाल्या, कान ठणठणीत आहे." माझा जीव भांड्यात पडला. मालकांनी पहिल्या विक्रेत्याला फोन करून माफी मागितली. तो म्हणे बराच वेळ हसत होता.

मग मालकांनी मला खोक्यातून काढलं, अंगठ्याने 'बाद' पुसलं आणि डावीकडे बसवलं, भावाला उजवीकडे. मी हळूहळू तापलो. सूर निघाले तसे मालक म्हणाले, "दोन्हीकडून सारखंच येतंय गं."

"मी काय वेगळं म्हणत होते?" बाई म्हणाल्या.

लाल रंगाचा एक पुसट फराटा अजून माझ्या काचेवर आहे. असू दे. तुम्हाला एकच विनवणी, मला उपटण्याआधी एकदा खुर्ची फिरवून बसा. आणि घरचं माणूस काही सांगत असेल, तर ते कान साफ करून ऐका.