घरच्यांना दिसणारं पान

माझ्या भावाला बाबा लहानपणापासून खुडबुड्या म्हणतात. रेडिओ उघड, घड्याळ उघड, कुलूप उघड. आणि उघडलेलं परत जोडायची वेळ आली की महाशय गायब. मोठेपणी त्याला पगारही त्याच कामाचा मिळायला लागला. एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. म्हणजे नेमकं काय करतो हे आईला कधी कळलं नाही. मला कळलं ते या आठवड्यात, आणि कळलं नसतं तर फार बरं झालं असतं.

बाबा पाट्या रंगवायचे. हात थरथरायला लागले तेव्हा दुकान माझ्याकडे आलं. ब्रश गेले, छपाईचं मशीन आलं. मग बाबा विसरायला लागले. आधी नावं, मग रस्ते. एका सकाळी आई आंघोळीला गेली तेवढ्यात ते घरातल्या चपला घालून बाहेर पडले, ते आलेच नाहीत.

पोलिसांत तक्रार दिली. मी पोस्टर छापलं, त्यावर आईचा फोन नंबर टाकला, कारण घरात कायम तीच. खुडबुड्याने त्याच दिवशी बाबांच्या नावाची साइट उभी केली. तीन-चार फोटो, अंगावरचा निळ्या चौकड्यांचा शर्ट, अंगठ्यावरची जुन्या भाजल्याची खूण. आम्ही सगळ्यांनी आपापल्या फोनवर ती उघडून पाहिली. आई तर फोन बंदच करेना.

मग फोन यायला लागले. लोकांना कशात मजा वाटेल सांगता येत नाही. एकाने म्हाताऱ्याचा आवाज काढून आईला सांगितलं, “अगं, मी आलोय कोपऱ्यावर, दार उघड.” आई दार उघडून उभी राहिली. मी दुकानातून परत आले तरी उभीच होती. तो माणूस मला सापडला असता तर मी त्याचं काय केलं असतं, मला ठाऊक नाही.

“नंबर काढून टाक,” खुडबुड्या म्हणाला. “साइटवर फॉर्म ठेवतो. ज्याने पाहिलं असेल त्याने जागा लिहायची, जमलं तर फोटो टाकायचा. ते आधी माझ्याकडे येईल. आईपर्यंत खरं असेल तेवढंच जाईल.”

“मग माझा नंबर टाकते.”

“तुलाही तसलंच ऐकायचंय का, ताई?”

मला पटलं. आईसाठीच करत होता तो. त्याने बसून साइट नव्याने मांडली, मी नवीन पोस्टर करायला घेतलं. बाबांचा एक नियम होता: पाटी चालता चालता वाचता आली पाहिजे, त्यासाठी थांबावं लागलं तर रंग फुकट गेला. म्हणून मी साइटच्या पत्त्यातलं पुढचं डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू उडवलं आणि राहिलेलं नाव मोठ्ठं केलं.

“नुसतं नाव टाकलं तरी उघडेल ना रे?”

“डोळे झाकून टाक. उघडतंय की.” त्याने लॅपटॉपवर नुसतं नाव टाकून दाखवलं. बाबा हसत समोर आले. मी माझ्या फोनवर टाकलं. आईनेही टाकलं. तिघांकडेही बाबा आले.

मी अर्ध्या शहरात पोस्टर लावली. खांब, बसथांबे, दवाखान्यांच्या भिंती. आणि फॉर्मवर काहीच येईना. खोटंही नाही, खरंही नाही. आई रोज विचारायची, “काही आलं का रे?” आणि तो रोज सांगायचा, “नाही गं आई. अजून कुणी पाहिलंच नाही त्यांना.”

त्यातून आईने स्वतःची समजूत घातली. कुणी पाहिलं नाही, म्हणजे रस्त्यावर नाहीत. कुणीतरी भल्या माणसाने घरात ठेवून घेतलंय. दोन वेळचं जेवत असतील. ती परत नीट जेवायला लागली, म्हणून आम्ही गप्प बसलो. खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं.

काल दुपारी बाजाराच्या मागच्या रस्त्यावर मी फाटलेलं पोस्टर काढून नवीन चिकटवत होते. समोरच्या चष्म्याच्या दुकानातली बाई बाहेर आली.

“अहो, हे सापडले ना? मग परत कशाला लावताय?”

माझ्या हातातला खळीचा डबा खाली पडला. “कुणी सांगितलं सापडले म्हणून?”

ती गोंधळली. मला आत घेऊन गेली, खुर्ची दिली. मंगळवारी दुपारी एक म्हातारे गृहस्थ तिच्या दुकानात शिरले होते. डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता असतो ना, त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, हे तिसऱ्या ओळीतलं अक्षर एका बाजूला कललंय, कुणी काढलं? तिला गंमत वाटली. तिने बसवलं, पाणी दिलं.

“मी विचारलं, आजोबा, कुठे जायचंय? तर म्हणाले, दुकान उघडायचंय, मुलगी किल्ली घेऊन उभी असेल.”

ती मुलगी मी. शाळेत असताना रोज सकाळी दुकानाच्या पायरीवर किल्ली घेऊन मीच उभी असायचे.

“मला पोस्टर आठवलं,” बाई म्हणाली. “पण त्यावरचा फोटो उन्हाने फिकटलेला, आणि यांची दाढी वाढलेली. नीट फोटो बघावा म्हणून पोस्टरवरचा पत्ता फोनवर टाकला. तर हे आलं.”

तिने परत टाकून दाखवलं. पांढरं पान. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, अभिनंदन, सर्व्हर व्यवस्थित चालू आहे.

“मला वाटलं, अभिनंदन म्हणजे पोस्टरवरचे सापडले, घरच्यांनी साइट बंद केली. मग हे दुसरेच कुणी असतील. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. वळून बघते तर खुर्ची रिकामी.” तिचे डोळे भरले. “दारातून डावीकडे गेले, हायवेच्या बाजूला. मी थांबवायला हवं होतं हो.”

मी तिच्या फोनवरच्या त्या पानाचा फोटो काढला आणि हायवेपर्यंत चालत गेले. टायरवाला, पंपावरचा माणूस, दिसेल त्याला विचारलं. मंगळवार होऊन गेला होता. कुणाला काय आठवणार?

घरी आले तर खुडबुड्या ऐकूनच घेईना. “असं होऊच शकत नाही. हे बघ, चालतंय.” टाकलं, बाबा हसत समोर आले. मी त्याच्या पुढ्यात तो फोटो धरला.

त्याने फोटो पाहिला आणि सर्व्हरवरची सेटिंगची फाइल उघडली. वाचताना त्याचा चेहरा पडत गेला. पहिल्या दिवशी त्याने सर्व्हरला सांगून ठेवलं होतं, की नुसत्या नावाने जो येईल त्याला डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यूवाल्या पत्त्यावर पाठव, आणि हे कायमचं समज. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी नुसतंच नाव टाकून साइट उघडली होती, आणि आमच्या फोनांनी ते कायमचं लक्षात ठेवलं. मग फॉर्मसाठी त्याने ती फाइल नव्याने लिहिली, आणि नुसतं नाव त्यात घालायचंच राहिलं. आमचे फोन सर्व्हरला परत विचारायला गेलेच नाहीत, आठवणीवरच चालले. परक्या माणसाचा फोन मात्र विचारायला जायचा, आणि या नावाची साइट माहीत नसलेला सर्व्हर त्याला आपलं ठेवणीतलं अभिनंदनाचं पान दाखवायचा. बाबा फक्त आम्हालाच दिसत होते.

“मी रोज तपासत होतो, ताई,” तो म्हणाला. “रोज.”

मला त्याच्या कानाखाली वाजवायची होती. एवढा शिकलेला, आणि एकदाही शेजाऱ्याचा फोन मागून बघावंसं वाटलं नाही? पण मलाही कुठे वाटलं होतं! तो हात मांडीत घेऊन बसला होता, लहानपणी घड्याळाचे सुटे भाग समोर पसरून बसायचा तसा. माझा हात उचललाच नाही.

“आता तरी कर ते,” मी म्हटलं.

दोन-चार ओळी होत्या. त्याने त्या लिहिल्या, सर्व्हरला नवी फाइल वाचायला लावली. चहा निवायच्या आत झालं. मी चष्म्याच्या दुकानातल्या बाईला फोन करून पत्ता परत टाकायला सांगितला.

“उघडलं,” ती म्हणाली. “हेच ते. हाच शर्ट होता.”

मग तिने फॉर्म भरला. लॅपटॉपवर तो आला. इतक्या दिवसांतला पहिला. जागा, चष्म्याचं दुकान. वार, मंगळवार. खुडबुड्याने वाचला आणि डोकं टेबलावर टेकलं. ज्यांनी आधी नुसतं नाव टाकून ते अभिनंदन पाहिलं, ते किती होते आणि कुठले, हे आता आम्हाला कोण सांगणार? ते काही परत येऊन बघणार नव्हते.

आई हात पुसत स्वयंपाकघरातून आली. “काय रे, काही आलं का?”

त्याने डोकं वर केलं नाही. रोजचं वाक्य काल त्याच्या तोंडून निघेना. म्हणून मीच काहीतरी बोलले, आणि तोंडातून गेल्यावर कळलं काय बोलले ते.

“साइट चालू झाली, आई.”

आईने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हातातलं फडकं तिने घडी करून खुर्चीवर ठेवलं.

“म्हणजे,” ती म्हणाली, “बंद होती?”