उष्ट्या ताटाखालची नोट

घिवलीच्या वाडीतल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी उघडायला गोजराबाईंनी नातसुनेला परवानगी दिली ती एका अटीवर: घराच्या मानाला धक्का लागला, तर त्याच दिवशी हा उद्योग बंद. समिधाने बोईसरच्या कारखान्यातली नोकरी सोडून हा घाट घातला होता; परतीची वाट तिने ठेवलीच नव्हती.

पहिली परदेशी पाहुणी आली अमेरिकेची एलेन. ओल्या बोंबलाचे कालवण तिने बोटे चाटून खाल्ले. निघायच्या दिवशी जेवण उरकून ती सामान आवरायला गेली. स्वयंपाक करणाऱ्या लाडकीने तिचे ताट उचलले आणि होते तिथेच पुन्हा टेकवले.

"मोठ्या बाय, ताटाखाली नोट हाय. मी हात नाय लावला."

उष्ट्या ताटाखाली लक्ष्मी! गोजराबाईंचा चेहरा ताठ झाला. खोलीचे भाडे हा व्यवहार होता, तो समिधाने पाहिला होता. परंतु वाढलेल्या अन्नाचे दाम या घरात कुणी ठेवले नव्हते. पुढच्या पाहुण्यांना नकार कळवून टाक, असे त्यांनी शांतपणे सांगितले.

समिधा हटली नाही. एलेनच्या देशात वाढणाऱ्याला काही ठेवल्यावाचून उठणे म्हणजे जेवण नावडल्याची खूण, हे तिने समजावले.

"मग मी लाडकीला पगार देत नाही, असं वाटलं का तिला?"

"तिला ठाऊक नाही, आजी. समोर दिलं तर लाडकी ओशाळेल, म्हणून लपवून ठेवलं असेल."

गोजराबाई थबकल्या. लेकीच्या सासरहून निघताना नातवंडांच्या मुठीत खाऊचे पैसे त्या स्वतः कोंबत आल्या होत्या. देण्यात उणेपणा नव्हता. जागा तेवढी चुकली होती. त्यांनी एलेनला स्वयंपाकघरात बोलावले.

"सांग तिला, ताटाखाली ठेवू नये. उजव्या हातानं, हातात द्यावं. आणि काय आवडलं तेही बोलावं."

एलेन लाजेने लाल झाली. ताटाखालची नोट परत घेऊन तिने पर्समधून दुसरी, कोरी नोट काढली, लाडकीपुढे धरली आणि "बोंबिल" एवढा एकच शब्द मोठ्या कष्टाने उच्चारला.

"नाय, नाय," म्हणत लाडकीने रीतीप्रमाणे हात मागे घेतला.

एलेनने घाबरून नोट पर्समध्ये टाकली. लाडकी बघतच राहिली.

गोजराबाईंना हसू आवरेना. "अगं समिधा, हिला कुणी सांगितलं नाही का, पहिलं नाही हे नाही नसतं म्हणून? म्हणावं, आग्रह कर."

दुसऱ्या आग्रहाला लाडकीने नोट घेतली, कपाळाला लावली आणि वाटेत खायला म्हणून चिकूंची पिशवी पाहुणीच्या हाती दिली. एलेननेही आधी नाही म्हटले, मग घेतली.

गाडी पालघरच्या रस्त्याला लागल्यावर गोजराबाईंनी नातसुनेकडे न बघताच विचारले, "पुढचे पाहुणे कधी येणार आहेत? आले की आधी माझ्याकडे पाठव. तुला नीट समजावता येत नाही."