रागुझाच्या टांकसाळीतला ठसा

मी एक जुना पोलादी ठसा आहे, मित्रांनो. समुद्रकाठच्या रागुझा गावातल्या टांकसाळीतला. आकाराने मुठीएवढा, पण माझ्या माथ्यावर बोट फिरवलंत तर दाढीवाले संत व्लाहो हाताला लागतील. तेच आमच्या गावाचे राखणदार.

मला घडवलं प्रिब्को नावाच्या कारागिराने. नाण्यावर चित्र सुलट यावं म्हणून ठशावर ते उलटं कोरतात. काम संपल्यावर त्याने मला मेणावर दाबलं आणि उमटलेला चेहरा बायकोला दाखवला.

"अहो, संत जरा रागावल्यासारखे दिसतात," देसा म्हणाली.

"टांकसाळीत बसायचंय त्यांना. रागावलेलेच बरे!"

मला ओंडक्यात घट्ट रोवलं गेलं. माझ्यावर चांदीची चकती, तिच्यावर दुसरा ठसा आणि वरून घणाचा घाव! डोंगरापलीकडच्या खाणींतली चांदी घोड्यांच्या पाठीवरून यायची आणि माझ्या अंगावरून नाणं होऊन समुद्रावर जायची. कुठल्याही बंदरातले सराफ आमचं नाणं कुरकुर न करता घेत. त्या नाण्यावरचा चेहरा माझ्याकडचा होता, याचा मला केवढा अभिमान!

एका वर्षी मात्र पीक करपलं. त्यातच डोंगरात लढाई पेटली आणि चांदीचे तांडे यायचे बंद झाले. घरोघरी कोबीची पानं उकळून लोक दिवस काढू लागले. अशात सिसिलीहून पेरोने नावाचा व्यापारी गव्हाने भरलेलं जहाज घेऊन आला. गव्हाच्या बदल्यात त्याला चांदीची नाणी हवी होती. नसतील तर वारा फिरताच तो दुसऱ्या बंदराला जाणार होता.

टांकसाळीत चांदी होती ती गरजेच्या निम्मी. कारभारी ओर्सात घाईघाईने आत आला.

"निम्मं तांबं घाला. वरून चांदीचा मुलामा द्या. ठसा तर तोच आहे ना?"

"तोच आहे सरकार, म्हणूनच नको," प्रिब्को म्हणाला. "संतांच्या तोंडून खोटं बोलवायचं?"

"गावातली पोरं उपाशी आहेत आणि तुला ठशाची पडलीय?"

"माझी पोरगीही उपाशीच आहे. पण तो पेरोने नाणं कापून बघेल. तांबं दिसलं की हा गहू गेला, आणि पुढे कुणी आपल्या धक्क्याला जहाज लावणार नाही."

"मग चांदी काय आकाशातून पडणार आहे?"

दारात देसा उभी होती. ती आत आली आणि तिने कमरेचा चांदीचा पट्टा सोडून भट्टीजवळ ठेवला. लग्नात प्रिब्कोनेच तो तिच्यासाठी घडवला होता.

"अगं, हा नको," तो कसाबसा म्हणाला.

"चुलीवर रिकामं भांडं नि कमरेला चांदी, शोभतं का मला? टाका मुशीत."

त्याने तोंड फिरवलं आणि पट्टा मुशीत सोडला. बातमी गल्लीबोळांत पसरली. बायका बांगड्या घेऊन आल्या, खलाशी पेले घेऊन आले. शेवटी ओर्सातने आपल्या लाल झग्याची चांदीची बटणं तटातट तोडून दिली. झगा उघडा पडला, पण त्याला कुणी हसलं नाही.

मग घण पडू लागले. इतके, की माझ्या कडेला चीर गेली. मी कळ सोसली. संतांच्या चेहऱ्याला मी धक्का लागू दिला नाही.

धक्क्यावरची हकीकत मी नंतर ऐकली. पेरोनेने ढिगातलं एक नाणं उचललं, कात्रीने मधोमध कापलं आणि उन्हात धरलं.

"आतबाहेर सारखंच! उतरवा रे पोती!" तो ओरडला.

त्या दिवशी गावभर पाव भाजल्याचा वास दरवळला. टांकसाळीतही आला. मला पोट नाही, तरी मीही तृप्त झालो.

चिरलेल्या ठशाला टांकसाळीत जागा नसते. प्रिब्कोने स्वतःच माझ्या माथ्यावर छिन्नी ठेवली. "माफ कर बाबा," तो हळूच म्हणाला, "पण तू चोराच्या हाती लागलास तर?" आणि त्याने संतांच्या चेहऱ्यावर आडवा ओरखडा पाडला.

पुढे कुणी मला दाराला टेकण म्हणून लावलं, कुणी माझ्याने लसूण ठेचला. आता मी एका लोहाराच्या कोपऱ्यात गंजत पडलोय. मित्रांनो, जुन्या अवजारांना भंगार म्हणून भिरकावू नका. कधीतरी तेलाचं फडकं फिरवा, तेवढं पुरे. आणि कुणी विचारलंच, की हा ओरखडा कसला, तर ताठ मानेने सांगा: याने तरुणपणी एकही खोटं नाणं पाडलं नाही, आणि म्हातारपणी कुणाला पाडूही दिलं नाही.