डोंगरावरचा जीवरक्षक

तेराव्या पानावरचं ते वाक्य स्तान्का गाबेरोवाच्या नजरेला पडलं, तेव्हा निविदा जाहीर होऊन गेली होती आणि हरकती घ्यायची मुदतही उलटली होती. वाक्य असं होतं: ‘उपकरण खाऱ्या पाण्यात तरंगले पाहिजे, आणि बटण दाबताच सूचना किनाऱ्यावरील जीवरक्षकाच्या चौकीत पोहोचली पाहिजे.’

चेर्नोबुक हे गाव बल्गेरियाच्या पश्चिमेकडच्या डोंगरात आहे. समुद्र बघायचा म्हटलं तर इथल्या माणसाचा अख्खा दिवस बसमध्ये जातो, आणि बरेच जण तो न बघताच वर जातात. नगरपालिकेच्या खरेदी विभागात स्तान्का एकटीच. विभागप्रमुख तीच, कारकून तीच, आणि स्वतःच्या कॉफीत साखर ढवळणारीही तीच. चुकीचं खापर फोडायला दुसरं डोकंच नव्हतं.

चूक झाली होती ती रीतीप्रमाणेच. एखाद्या गावाची निविदा राजधानीच्या तपासणीतून ओरखडाही न पडता सुटली, की तिची कागदपत्रं इथल्या नगरपालिका एकमेकींना विरजणासारखी वाटतात. नवं गाव त्यात आपलं नाव घालतं आणि बाकीच्या मजकुराला बोट लावत नाही, कारण लावलं की सगळं नासतं असा ठाम समज आहे. ही निविदा समुद्रकाठच्या एका शहराची होती. स्तान्कानं त्या शहराचं नाव काढून सगळीकडे चेर्नोबुक घातलं. समुद्र होता तिथेच राहिला.

ती नगराध्यक्ष कुझ्मानकडे गेली. कुझ्मान खिडकीशी उभा राहून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. कामाचा विचार करताना तो नेहमी बिया खायचा, त्यामुळे त्या फारशा खपत नसत.

“साहेब, आपल्या निविदेत समुद्र आहे.”

“कुठे?”

“तेराव्या पानावर. खारं पाणी, जीवरक्षक, किनारा, सगळं आहे.”

“त्यांच्या निविदेत होता?”

“त्यांच्या गावातच आहे, साहेब.”

“ते नाही विचारत मी. तपासणी झाली तेव्हा त्या पानावर समुद्र होता का?”

“होता.”

“मग राहू दे की. तपासून झालेला समुद्र आहे तो.”

“म्हाताऱ्या माणसांसाठी घेतोय आपण हे. डोंगरातल्या.”

“मग रद्द कर निविदा आणि नव्याने काढ. कोण अडवतंय?” कुझ्माननं टरफल थुंकलं. “वसंतात येतील बटणं.”

ही बटणं म्हणजे मनगटात घालायचे पट्टे. वरच्या वस्त्यांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना ब्रसेल्सहून येणाऱ्या युरोपीय निधीतून ते मिळणार होते. पडलं, छातीत दुखलं, की दाबायचं, कोणीतरी येतं. आणि अगदी वरच्या येलोवो वाडीत स्तान्काची आई नेदा एकटीच राहत होती. गेल्या हिवाळ्यात ती गोठ्यात पाय घसरून पडली आणि तशीच पडून राहिली, शेळ्या ओरडायच्या थांबेनात म्हणून शेजारी बघायला आला तोवर. तेव्हापासून बर्फाचं नुसतं नाव काढलं तरी स्तान्का धास्तावायची. वसंतापर्यंत थांबायची तिची छाती नव्हती. तिने तेरावं पान उलटलं आणि पुन्हा त्याकडे बघितलं नाही.

निविदा एकच आली. समुद्रकाठच्या शहराला ज्यांनी हे पट्टे विकले होते तीच कंपनी, आणि तिचा तोच गोडबोल्या इंजिनिअर, प्लामेन. अटी वाचून त्याने भुवईसुद्धा उचलली नाही. गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत येतंय म्हटल्यावर त्याच्या पायात समुद्री चप्पल का आहे, हे विचारायचं काम विक्रेत्याचं नसतं.

माल ताब्यात घ्यायच्या दिवशी खऱ्या अडचणी सुरू झाल्या. पट्टा खाऱ्या पाण्यात तरंगतो हे नगरपालिकेनं स्वतः पाहून लिहून द्यायचं होतं. खारं पाणी आणायचं कुठून? शेवटी सगळे कुझ्मानच्या तळघरात उतरले. तिथे हिवाळ्याची कोबी मुरत घातलेलं पिंप होतं. त्या खारवणात स्तान्कानं नारिंगी पट्टा सोडला. तो बुडाला नाही, दोन गड्ड्यांच्या मधोमध ऐटीत तरंगत राहिला.

“आता बटण दाबा,” प्लामेन म्हणाला.

स्तान्कानं बाही वर करून बटण दाबलं. पिंपातून एका बाईचा मंजुळ आवाज आला: “घाबरू नका. पाठीवर निजून शांतपणे तरंगत राहा. जीवरक्षक निघाला आहे.”

कुझ्माननं वाकून पिंपात डोकावून बघितलं.

“हे बोलणं बदलता येईल ना?” स्तान्कानं विचारलं.

“येईल की. चुटकीसरशी,” प्लामेन म्हणाला. “पण तो करारातला बदल झाला, बाई. आणि करारातला बदल म्हणजे…”

“नवी निविदा,” स्तान्कानंच वाक्य पुरं केलं. तो नियम बैठकीत इतरांना ती स्वतःच सुनावत असे.

“आणि जीवरक्षक? तो कुठून निघाला आहे?” कुझ्माननं विचारलं.

“तो तुम्ही नेमायचा. सातवं कलम.”

त्यांनी बोझानला नेमलं. बोझान म्हणजे बर्फावर घसरायला येणाऱ्यांना डोंगरावर नेणाऱ्या, आता बंद पडलेल्या पाळण्यावरचा जुना मेकॅनिक. दांडगा, बोलायला कमी आणि डोंगराची वाट न वाट माहीत असलेला. त्याला पोहता येत नव्हतं, पण ते कोणी विचारलं नाही आणि त्यानेही आपणहून सांगितलं नाही. करारातल्या अटीप्रमाणे त्याला शिट्टी, लाल चड्डी आणि बुडणाऱ्याला फेकायचं एक तरंगतं कडं मिळालं. चड्डी तो लोकरी विजारीवर घालायचा. चौकीही करारात होतीच, म्हणून सुतारानं किनाऱ्यावर असतं तसं पाइनच्या लाकडाचं उंच खुर्चड करून नगरपालिकेसमोर उभं केलं, आणि त्याच्या सावलीत गावातले म्हातारे सोंगट्या खेळायला लागले. एकजण वर बघून म्हणायचा, “काय बोझान, भरती कधी आहे?” बोझान म्हणायचा, “तुमचं टाळकं ठिकाणावर आलं की.”

पट्टे पोचवायला पावाची गाडी गेली. आईला पट्टा आपण स्वतः नेऊन द्यावा असं स्तान्काच्या फार मनात होतं. पण त्या दिवशी रस्त्यावरच्या दिव्यांची बैठक निघाली. संध्याकाळी आईचा फोन आला.

“पट्टा मिळाला. मला वाटलं तू आणशील.”

“बैठक होती गं आई. रविवारी येते.”

“गेल्या रविवारीही येणार होतीस.”

“अगं, हे सगळं मी तुझ्यासाठीच केलंय ना? काही झालं की दाब. माणूस येईल.”

“बरं,” नेदा म्हणाली. “ती बाई मला पाठीवर निजायला सांगते. माझ्या पाठीला ते चालत नाही.”

मग बर्फ पडलं आणि एक चमत्कार घडला. सरकारी खरेदीत सहसा न घडणारा. व्यवस्था चालली. म्हाताऱ्यांनी बटणं दाबली, बोझान गेला. कुणाचा पाव संपला होता, कुणाचं धुराडं तुंबलं होतं, एका आजोबांना नुसतं विचारायचं होतं की आज वार कुठला. बोझान शिट्टी गळ्यात, कडं पाठीवर अडकवून प्रत्येकाकडे गेला. कोण खरं बुडतंय आणि कोण नाही हे ठरवायचा अधिकार सातव्या कलमानं त्याला दिला नव्हता.

जानेवारीत नेदा लाकडाच्या ढिगाशी बर्फावरून घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. तिने बटण दाबलं. बोझान वादळातून वर चढला, म्हातारीला घोंगड्यात गुंडाळून त्या तरंगत्या कड्याला बांधली आणि उतारावरून हळूहळू ओढत खाली आणली. इस्पितळातल्या पलंगाशी स्तान्का ओक्साबोक्शी रडली. भीतीनं रडली, सुटकेनं रडली, आणि तेराव्या पानावरची चूक आपण सुधारली नाही या आनंदानंही रडली.

“रडतेस काय?” नेदा म्हणाली. “बुडणाऱ्या माणसाचं सामान आहे ते, पण चढउताराला बरं आहे.”

नेदा कुबडी घेऊन पुन्हा येलोवोला गेली. मुलीच्या सदनिकेत राहायला तिने साफ नकार दिला, शेळ्या कोण बघणार म्हणून. बर्फ अजून वितळलं नव्हतं, तेवढ्यात राजधानीहून तपासणी आली. तपासनीस होती मिग्लेना नावाची, चष्म्याआडून सरळ बघणारी तरुण बाई. तिने गावातून एक चक्कर मारली, खुर्चडाकडे बघितलं, बोझानच्या चड्डीकडे बघितलं आणि टेबलाशी येऊन बसली.

“समुद्र कुठे आहे?” तिने विचारलं.

“पुढच्या आराखड्यात घेतोय,” कुझ्मान म्हणाला.

स्तान्कानं डोळे मिटून घेतले. आता सगळं परत जाणार, पट्टे गोळा होणार आणि आईच्या मनगटाची जागा पुन्हा रिकामी होणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

पण मिग्लेना पानं चाळत राहिली. “करारात समुद्र असायलाच हवा असं कुठे लिहिलेलं नाही,” ती अखेर म्हणाली. “त्यामुळे समुद्र नसणं हा दोष मला काढता येत नाही. उपकरण खाऱ्या पाण्यात तपासलंत, ते नोंदवलंयत. पाणी कोबीचं होतं, पण खारं होतं. ठीक आहे.”

कुझ्माननं बियांच्या पुडीकडे हात नेला.

“जीवरक्षकाला मात्र पोहण्याचं प्रमाणपत्र हवं, हे लिहिलेलं आहे. ते कुठे आहे?”

सगळ्यांनी बोझानकडे बघितलं. बोझाननं जमिनीकडे बघितलं.

“मी आंघोळीलाही पाणी कमीच घेतो,” तो म्हणाला.

“मग नेमणूक रद्द. प्रमाणपत्र असलेला माणूस उद्यापर्यंत द्या. नाहीतर चौकी बंद आणि चौकीबरोबर अख्खी यंत्रणा बंद.” मिग्लेना हे काही आनंदानं सांगत नव्हती. “बाई, मला दिसतंय हे लोकांच्या उपयोगी पडतंय. पण उपयोग तपासायला मला पाठवलेलं नाही.”

या डोंगरात पोहणारा माणूस शोधणं म्हणजे वेळेचा खेळखंडोबा होता. कुझ्मान एकेकाचं नाव घेत गेला आणि बोझान मान हलवून नाही म्हणत गेला. स्तान्काकडे प्रमाणपत्र होतं. समुद्राकाठी वार्नाला अर्थशास्त्र शिकत असताना एका उन्हाळ्यात, एका मुलाच्या मागे लागून, तिने जीवरक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केला होता. मुलगा निसटला, कागद राहिला. आता ती गप्प राहिली तर खरेदी विभागाची खुर्ची, दारावरची पाटी आणि दोन वर्षांवर आलेलं चांगलं निवृत्तिवेतन, सगळं शाबूत होतं. तिला हे सगळं मनापासून प्रिय होतं, आणि ते सोडायच्या कल्पनेनं तिला स्वतःचीच कीव आली.

“माझ्याकडे आहे,” ती म्हणाली.

“काय आहे?” कुझ्माननं विचारलं.

“प्रमाणपत्र. मला पोहता येतं.”

“आणि खरेदी कोण बघणार?”

मिग्लेनानं नियमावली उघडली, बराच वेळ शोधलं आणि मिटली. खरेदी विभागप्रमुखाला कसलंच प्रमाणपत्र लागत नव्हतं. त्यामुळे त्या खुर्चीवर बोझानला बसवण्यात आलं. त्यानं पहिल्याच दिवशी सगळ्या जुन्या निविदा कपाटात घालून कुलूप लावलं आणि गावाला खरोखर काय हवंय ते विचारायला बाहेर पडला. यावर पुढे त्याची चौकशी झाली.

स्तान्काला लाल चड्डी जरा ढगळ झाली. पहिल्या सकाळी ती खुर्चडावर चढली तेव्हा खालचे सोंगट्या खेळणारे म्हातारे उठून उभे राहिले. थट्टा करावी की टोपी काढावी, हे त्यांचं ठरेना. तेवढ्यात तिच्या हातातलं, बटणांच्या सूचना येणारं यंत्र वाजलं. येलोवो. आई.

ती पालिकेच्या जीपमध्ये बसली आणि रस्ता संपला तिथून धावत सुटली. गुडघाभर बर्फातून धडपडत, दोनदा तोंडावर आपटत ती दारापाशी पोचली. आत नेदा चुलीजवळ बसून बनित्सा या पापुद्र्यांच्या भाजलेल्या पदार्थाच्या पाऱ्यांमध्ये चीज पसरत होती. कुबडी भिंतीला टेकवलेली.

“काय झालं, आई? पडलीस?”

“नाही.”

“दुखतंय कुठे?”

“नाही गं.”

“मग बटण का दाबलंस?”

“म्हटलं बघावं. बोझान म्हणाला, आता तू येणार.” नेदानं तिच्या चड्डीकडे, शिट्टीकडे निरखून बघितलं. “दाबलं की यावंच लागतं तुला?”

“यावंच लागतं. करारात आहे.”

“बैठक असली तरी?”

“असली तरी.”

नेदा पुन्हा पारीकडे वळली. चीज पसरणारा तिचा हात मध्येच थांबला.

“इतकी वर्षं मी वेडी,” ती म्हणाली, “नुसता फोन करत बसले.”