शनिवारवर अडकलेला सोमवार

२०२३ सालच्या जूनमधली एकोणीस तारीख, सोमवार. माझ्या भावाची मुलगी अपेक्षा तेव्हा अमरावतीत माझ्याकडे राहून इथल्याच एका मुलींच्या वसतिगृहाचं संकेतस्थळ सांभाळायची. सर्व्हर मात्र संस्थेच्या अकोल्याच्या कार्यालयात होता. निवड झालेल्या एकशे बारा मुलींनी त्या दिवशी पाचच्या आत खोली पक्की करायची होती, नाहीतर ती पुढच्या मुलीला जाणार. त्यासाठी मोबाईलवर सहा आकडी नंबर यायचा. सकाळपासून एकीलाही तो आला नव्हता.

"आत्या, दोन वाजले. किती पोरी फोनवर रडून राहिल्या, माहीत आहे?"

"पण मशीन म्हणते काय?"

"नंबर पाठवणाऱ्या कंपनीशी आपला सर्व्हर सुरक्षित जोडणीच करत नाही. म्हणते, त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच नाही झाली. अन् त्यांनी तर ते कालच नवीन घेतलं!"

सर्व्हर दोनदा बंद-चालू करून झाला होता. कंपनीवाले म्हणत होते, दोष तुमच्याकडे.

मी चौतीस वर्षं दर्यापूरच्या पोस्टात होते. सकाळचं पहिलं काम म्हणजे शिक्क्यातली तारीख बदलायची आणि वहीत ठसा उमटवून बघायचा. ती सवय सुटत नाही. अपेक्षाच्या पडद्यावर सर्व्हरच्या नोंदींच्या ओळी सरकत होत्या, प्रत्येकीच्या आधी तारीख.

"अपेक्षा, आज सोमवार ना? मग इथं सतरा काहून?"

"सर्व्हर शनिवारीच अडकला, अन् प्रमाणपत्र रविवारचं!" ती म्हणाली. मग तिने अकोल्याला गोवर्धनला, तिथल्या कारकुनाला, फोन लावला.

"गोवर्धनभाऊ, सर्व्हरची तारीख कोणी बदलली?"



"म्याच, ताई. आज सकाळी दामिनी नावाची पोरगी आली होती दर्यापूरहून, बापाले घेऊन. प्रतीक्षा यादीच्या अर्जाची मुदत शनिवारीच गेली. म्हटलं, दोन दिवस मागं केलं तं कोनाचं काय जाते? मंग पुढं घ्याचं राहूनच गेलं."

"एकशे बारा पोरींचं जाते, भाऊ!"

मी फोन घेतला. नोकरीच्या सुरुवातीला सत्यभामा नावाच्या मुलीच्या मुदत टळलेल्या नर्सिंगच्या अर्जावर मीही एकदा आदल्या दिवशीचा शिक्का मारला होता आणि तारीख परत पुढे करायची विसरले होते. त्या दिवशीची टपालाची सगळी थैली आदल्या दिवसाच्या तारखेने गेली. "गोवर्धन, आधी तारीख लाव. बोलणी नंतर खा," एवढंच म्हटलं.

अडीचला पहिला नंबर गेला. पाचला दहा कमी असताना शेवटच्या मुलीने खोली पक्की केली. मग अपेक्षाने दामिनीचा अर्ज खऱ्या तारखेला लावला. तो बाद झाला. त्या रात्री अपेक्षा जेवली नाही.

सत्यभामा अकोल्यात परिचारिका म्हणून निवृत्त झाली. गोवर्धनला लेखी माफी मागावी लागली. आता सर्व्हरचा पासवर्ड त्याच्याकडे नसतो. अपेक्षा नागपूरला गेली. दामिनीला मी बोलावून घेतलं; ती माझ्या मधल्या खोलीत राहून शिकते. ती घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवते. मी ते बरोबर लावून ठेवते, ती परत पुढे करते.